गाडीची बॅटरी : हंगामाआधी पारख कशी करावी?



गळीत हंगाम जवळ आला की आपण टायर बघतो, ट्रॉलीचा हुक बघतो, डिझेलची आणि उचलीची सोय लावतो. बॅटरीकडे मात्र आपले लक्ष ती बसल्यावरच जाते. आणि ती बसते कुठे? पैनगंगेच्या काठच्या फडात, रात्री-अपरात्री, ट्रॉली काठोकाठ भरल्यावर. सेल्फ मारला तर नुसते 'खट्'. टोळी बसून राहते, मुकादम कुरकुरतो, ड्रायव्हर धक्का मारायला माणसे गोळा करतो. भरली ट्रॉली चिखलातून धक्क्याने हलत नसते, हे आपल्यापैकी कोणालाही सांगायला नको.

यात खरा तोटा कोणाचा? तोडलेला ऊस शक्यतो २४ तासांच्या आत गाळला जावा, असे या अंकातून आम्ही वरचेवर सांगत आलो आहोत. ऊस पडून राहिला की त्यातले पाणी उडते, वजन घटते आणि रसातली साखर मोडू लागते. काट्यावर वजन घटले तर नुकसान सभासदाचे. उतारा घटला तर दर उताऱ्याशी बांधलेला, म्हणजे नुकसान पुन्हा सभासदाचेच.

दुसरा तोटा उलट्या बाजूचा आहे. बॅटरी चांगली असते, दोष असतो ढिल्या टर्मिनलचा, गंजलेल्या अर्थिंगचा नाहीतर सैल पट्ट्याचा. पण गाडी चालू होत नाही म्हणून नवी बॅटरी घेतली जाते, आणि पंधरा दिवसांत तीही बसते. मग दुकानदाराशी भांडण. म्हणून बॅटरीची पारख कशी करावी, हे या लेखात इस्लापूर, शिवणी, जलधारा भागातील ट्रॅक्टर, जीप व ट्रक बाळगणाऱ्या सभासदांसाठी सविस्तर देत आहोत.

बॅटरीच्या पोटात काय असते?

१८५९ साली गॅस्टन प्लांटे या फ्रेंच शास्त्रज्ञाने शिशाचे पत्रे आणि गंधकाम्ल वापरून पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी तयार केली. आज दीडशेहून अधिक वर्षे झाली, पण ट्रॅक्टरच्या बॅटरीत मूळ कारभार तोच आहे. मोटारगाडीला हँडल मारण्याचे कष्ट वाचवणारा विजेचा सेल्फ १९१२ सालच्या कॅडिलॅक गाडीत आला. तेव्हापासून बॅटरीवर दिव्यांबरोबर इंजिन फिरवण्याचेही ओझे पडले.

१२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात. प्रत्येक सेल साधारण २.१ व्होल्टचा. सेलमध्ये शिशाच्या दोन प्रकारच्या प्लेटा आणि त्यांच्यामध्ये पातळ केलेले गंधकाम्ल असते. वीज खर्च होते तेव्हा ॲसिडमधला अंश प्लेटांवर जाऊन बसतो, त्याचे शिशाचे सल्फेट होते आणि मागे उरलेले पाणी पातळ होत जाते. चार्ज केले की सल्फेट सुटून पुन्हा ॲसिड दाट होते. मात्र बॅटरी उतरलेल्या अवस्थेत महिनोन्महिने पडून राहिली तर हे सल्फेट कडक होऊन बसते आणि पुढे चार्जिंगलाही दाद देत नाही. "प्लेटा सल्फेट झाल्या" असे बॅटरीवाला म्हणतो ते हेच.

आता एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. बॅटरी म्हणजे विहीर समजा. सकाळी डोकावले तर विहीर भरलेली दिसते. पण मोटार लावली की अर्ध्या तासात फूटव्हॉल्व्ह उघडा पडतो, कारण झरे आटलेले असतात. बॅटरीचेही तसेच. मीटरवर व्होल्टेज चांगले दिसते म्हणून बॅटरी चांगली, असे होत नाही. उभे पाणी किती, उपसा किती सोसते आणि पुन्हा भरते किती, या तीनही गोष्टी पाहिल्याशिवाय निकाल लावू नये.

आधी डोळ्यांनी पाहा

मीटर लावण्याआधी पाच मिनिटे नुसते निरीक्षण करा. डब्याला तडा आहे का? बाजू फुगल्या आहेत का? वरचा भाग ओला, चिकट आहे का? धूळ आणि ॲसिडचा ओलावा एकत्र आला की त्यातूनच थोडी थोडी वीज झिरपत राहते. बॅटरी पट्टीने घट्ट बसलेली आहे का, हेही बघा. फडातल्या धक्क्यांनी आत प्लेटा हलतात, त्यांचा चुरा तळाशी साचतो आणि एक दिवस सेल आतल्या आत जुळून मरतो.

टर्मिनलवर पांढरा किंवा हिरवट फुलोरा आला असेल तर लग काढून खाण्याचा सोडा टाकलेल्या कोमट पाण्याने धुवावे. झाकणे घट्ट हवीत, सोड्याचे पाणी सेलमध्ये जाता कामा नये. मग पॉलिश पेपरने पोस्ट आणि लग दोन्ही चकचकीत करून घट्ट आवळावेत व वरून व्हॅसलीनचा हात द्यावा. "बॅटरी गेली" म्हणून आलेल्या कित्येक गाड्या एवढ्यावरच चालू होतात.

झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर पाणी पाहावे. प्लेटांच्या वर साधारण एक ते दीड सेंटिमीटर पाणी असावे. कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. बोअरचे, विहिरीचे किंवा हंड्यातले गाळलेले पाणी चालत नाही, त्यातले क्षार प्लेटा खातात. ॲसिड तर मुळीच घालू नये. बॅटरीतून उडते ते पाणी, ॲसिड नव्हे.

पहिली पारख : विश्रांतीतले व्होल्टेज

साधा डिजिटल मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो. गावात चार-पाच गाडीवाल्यांनी मिळून एक घेतला तरी भागते. मीटर डीसी २० व्होल्टवर लावावा, लाल वायर प्लसला, काळी मायनसला.

गाडी नुकतीच बंद केली असेल तर मीटर फसवतो, कारण चार्जिंगचा वरवरचा जोर प्लेटांवर राहिलेला असतो. म्हणून रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीवर सकाळी, सेल्फ मारण्याआधी मोजावे. घाई असेल तर हेडलाईट दोन मिनिटे लावून बंद करावेत आणि थोडे थांबून मोजावे. आकडे साधारण असे वाचावेत :

१२.६ किंवा वर – पूर्ण भरलेली
१२.४ – पाऊण भरलेली
१२.२ – अर्धी
१२.० – पाव
११.८ च्या खाली – उतरलेली

मीटर १०.५ च्या आसपास दाखवत असेल आणि चार्ज करूनही वर जात नसेल, तर सहापैकी एक सेल मेला असे समजावे. पाच सेलचे २.१ प्रमाणे साडेदहा होतात, हा साधा हिशेब आहे.

ट्रकला २४ व्होल्टसाठी दोन बॅटऱ्या जोडलेल्या असतात. तिथे दोन्हींचे मिळून मोजू नये, प्रत्येकीचे वेगळे मोजावे. एक दुबळी असली की ती दुसरीलाही ओढते. दोन्ही एकाच वयाच्या व एकाच मापाच्या ठेवाव्यात.

दुसरी पारख : हायड्रोमीटर

कारखान्याच्या प्रयोगशाळेत रसाचा ब्रिक्स पाहण्यासाठी रसात तरंगता काटा सोडतात, हे पुष्कळांनी पाहिले असेल. रस दाट तर काटा वर तरंगतो, पातळ तर खाली बुडतो. बॅटरीचा हायड्रोमीटर नेमके हेच काम करतो, फक्त साखरेऐवजी ॲसिडचा दाटपणा सांगतो. रबरी फुगा दाबून सेलमधले पाणी वर ओढायचे, काटा मोकळा तरंगू द्यायचा, डोळ्याच्या रेषेत आकडा वाचायचा आणि पाणी त्याच सेलमध्ये परत सोडायचे.

भरलेल्या बॅटरीचा आकडा कंपनीप्रमाणे व हवामानाप्रमाणे १.२४० ते १.२८० च्या दरम्यान असतो. उष्ण मुलखासाठी तो मुद्दाम खालच्या बाजूला ठेवतात, म्हणून आपल्याकडच्या बॅटरीत १.२४० आला तर घाबरू नये. कंपनीने कार्डावर काय दिले आहे ते पाहावे. बॅटरीवाले हेच "बाराशे चाळीस" म्हणतात. १.२०० च्या आसपास आला तर बॅटरी साधारण अर्धी, आणि १.१३० च्या खाली गेला तर उतरलेली.

तपमानाचा फरक धरावा लागतो. आकडा २७ अंशाला धरलेला असतो. पाणी त्यापेक्षा जितके गरम, तितका काटा कमी दाखवतो. दर १० अंशामागे ०.००७ मिळवावेत. समजा बॅटरीतले पाणी ४२ अंशांवर आहे आणि काटा १.२३० दाखवतो, तर खरा आकडा जवळजवळ १.२४० धरावा. नुकतेच डिस्टिल्ड वॉटर घातले असेल तर त्याच क्षणी मोजू नये. पाणी मिसळू द्यावे, थोडे चार्जिंग होऊ द्यावे.

आणि यातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे सहाही सेलचे आकडे कागदावर ओळीने लिहावेत. सगळे सारखेच कमी असतील तर बॅटरी नुसती उपाशी आहे, चार्ज करा. पण चार्ज केल्यावरही एका सेलचा आकडा इतरांपेक्षा ०.०५० ने खाली राहिला, तर तो सेल आजारी आहे. त्या बॅटरीवर हंगाम काढायचा विचार करू नये.

बंद झाकणाच्या बॅटरीला हायड्रोमीटर लावता येत नाही. काहींच्या वर एक छोटा डोळा असतो. सर्वसाधारणपणे हिरवा म्हणजे ठीक, काळा म्हणजे चार्ज करा, पांढरा म्हणजे पाणी संपले. पण रंगांचा अर्थ बॅटरीवरच्या चिठ्ठीवर वाचून घ्यावा. शिवाय तो डोळा एकाच सेलमध्ये बसवलेला असतो, बाकी पाचांची खबर तो देत नाही.

तिसरी पारख : ओझ्याखाली

ही खरी परीक्षा, विहिरीवर मोटार लावण्यासारखी. बॅटरी आधी चार्ज केलेली असली पाहिजे, अर्धपोटी बैलाला नांगराला जुंपून तो दुबळा म्हणण्यात अर्थ नाही.

गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावलेला. मीटर बॅटरीच्या पोस्टवर. जुन्या ट्रॅक्टरची स्टॉपची दांडी ओढून धरावी म्हणजे इंजिन चालू होणार नाही, आणि दुसऱ्याने दहा सेकंद सेल्फ मारावा. मोठे डिझेल इंजिन फिरवताना सेल्फ काही शे अँपिअर ओढतो, त्यामुळे व्होल्टेज खाली येणारच. पण चांगली बॅटरी साधारण ९.६ च्या वर टिकून राहते. आकडा ९ च्या खाली घसरत गेला, तर विश्रांतीत १२.६ दाखवणारी ती बॅटरी आतून पोकळ आहे. पंधरा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये, आणि पुन्हा मारण्याआधी मिनिट-दोन मिनिटे थांबावे, नाहीतर सेल्फच जळतो.

निकाल लावण्याआधी तारा तपासाव्यात. सेल्फ मारत असताना मीटरची एक वायर बॅटरीच्या मायनस पोस्टवर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर धरावी. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थिंगच वीज खाते आहे. तसेच पोस्ट आणि त्यावरचा लग यांच्यामध्ये मोजावे, तिथे जवळजवळ शून्य यायला हवे.

मीटर नसेल तर? अंधारात हेडलाईट लावून सेल्फ मारावा. लाईट थोडे मंदावले आणि इंजिन फिरले तर ठीक. लाईट पार विझायला आले तर बॅटरी दुबळी किंवा टर्मिनल ढिले. आणि लाईट तसेच झगझगीत, पण सेल्फ हूं की चूं करत नाही, तर दोष बॅटरीत नाही. सेल्फ, सोलेनॉईड किंवा वायरिंग बघा.

चौथी पारख : भरते का?

इंजिन चालू करून रेस थोडी वाढवावी आणि पोस्टवर मोजावे. १३.८ ते १४.४ च्या आसपास आले तर चार्जिंग बरोबर. लाईट लावल्यावरही १३.५ च्या खाली जाऊ नये. तेरालाही पोचत नसेल तर पट्टा सैल, अल्टरनेटर नाहीतर रेग्युलेटर खराब. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर बिघडला आहे. अशी गाडी बॅटरीचे पाणी उकळून उडवते, आणि दर आठवड्याला पाणी घालावे लागते ही त्याची खूण. अशा गाडीत नवी बॅटरी बसवणे म्हणजे गळक्या हौदात पाणी सोडणे.

रात्रीतून बॅटरी उतरत असेल तर एक सोपी युक्ती आहे. पूर्ण चार्ज करून रात्री मायनसची तार काढून ठेवावी. सकाळी १२.६ कायम राहिले, पण तार जोडून ठेवलेल्या रात्री मात्र उतरते, तर वीज वायरिंगमधून गळते आहे. तार काढूनही १२.४ च्या खाली आली तर बॅटरीच आतून गळकी.

रांगेतली गाणी

गव्हाणीसमोरच्या रांगेत ट्रॅक्टर तासन् तास उभे असतात. इंजिन बंद आणि स्पीकर मात्र चालू! हिशेब पाहा. साठ वॅटचे दोन हेडलाईट म्हणजे १२० वॅट, १२ व्होल्टला १० अँपिअर. चार तासांत ४० अँपिअर-तास गेले. ८० ची बॅटरी अर्धी झाली. मोठ्या स्पीकरचेही तसेच. एवढी खर्च झालेली वीज काट्यापासून घरापर्यंतच्या वाटेत भरून निघत नाही. रोज अर्धीमुर्धी राहणारी बॅटरी सल्फेट होऊन वेळेआधी जाते. ड्रायव्हर मंडळींना मनोरंजन जरूर असावे, पण त्यासाठी स्वतंत्र छोटा रेडिओ परवडतो.

मारतो उन्हाळा, नाव थंडीचे

डिसेंबरच्या पहाटे गाडी चालू झाली नाही की आपण थंडीला दोष देतो. थंडीत इंजिनचे ऑईल घट्ट होते, बॅटरीचा जोर कमी होतो, हे खरे. पण बॅटरीचे आयुष्य खाल्लेले असते आपल्या मराठवाड्याच्या मे महिन्याने. पारा चाळीसच्या वर चढला की पाणी उडते, प्लेटांच्या जाळ्या झपाट्याने गंजतात. नुकसान उन्हाळ्यात होते, उघडकीस येते ते हंगाम ऐन भरात असताना.

म्हणून गळीत संपल्यावर ट्रॅक्टर नुसता शेडमध्ये लावून मोकळे होऊ नये. बॅटरी पूर्ण चार्ज करून मायनसची तार काढावी, सावलीत ठेवावी, महिन्यातून एकदा मोजावे आणि १२.४ च्या खाली येताच चार्ज करावी. चार्जिंग मंद करावे. बॅटरीवर लिहिलेल्या अँपिअर-तासाच्या दहावा हिस्सा, म्हणजे ८० च्या बॅटरीला ८ अँपिअर. "तासाभरात भरून देतो" म्हणणाऱ्याच्या जोरकस चार्जिंगने प्लेटा वाकतात.

जिवाची काळजी

चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, तो ठिणगीने पेट घेतो आणि डबा फुटून ॲसिड तोंडावर उडते. म्हणून बॅटरीजवळ बिडी, काडी, कंदील नको. पाणी पाहायला मोबाईलचा नाहीतर हातातला टॉर्च वापरावा. मायनसची म्हणजे अर्थची तार आधी काढावी आणि सर्वांत शेवटी जोडावी, म्हणजे पाना बॉडीला लागला तरी भडका उडत नाही. ट्रॅक्टरवर किंवा जोडलेल्या ट्रॉलीवर वेल्डिंग करण्याआधी बॅटरीच्या तारा काढाव्यात. ॲसिड डोळ्यात गेले तर पंधरा-वीस मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरून लगेच डॉक्टर गाठावा.

जुनी बॅटरी अंगणात फोडून शिसे काढू नये. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला कायमची इजा करते आणि ॲसिड माती नासवते. २००१ च्या नियमांपासून जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची व्यवस्था कायद्याने आली, आणि आता २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ती जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. नवी घेताना जुनी दुकानात द्यावी, तिची किंमत बिलातून वजा करून घ्यावी. नवीवर तयार झाल्याची तारीख पाहावी, मीटर लावून १२.५ च्या वर आहे ना हे बघावे, आणि वॉरंटी कार्डावर तारीख व शिक्का घेतल्याशिवाय दुकान सोडू नये.

मग निकाल कसा लावायचा?

विश्रांतीत कमी, पण चार्ज केल्यावर ओझे सोसते – बॅटरी चांगली, चार्जिंग किंवा गळती तपासा.
विश्रांतीत चांगली, ओझ्याखाली कोसळते – बॅटरी संपली, हंगामाआधी बदला.
एका सेलचा आकडा वेगळा – बॅटरी बदला.
सगळे ठीक, तरी सेल्फ ढिम्म – टर्मिनल, अर्थिंग, सेल्फ बघा, बॅटरीला हात लावू नका.

हे सारे करायला एका गाडीला अर्धा तास पुरतो. दसऱ्याला आपण गाडी धुतो, हार घालतो. त्याच दिवशी हा अर्धा तास द्यावा, मोजलेले आकडे तारखेसह एका वहीत लिहावेत आणि दिवाळीनंतर पुन्हा मोजून ताडून पाहावेत. आकडे घसरत असतील तर तोडणीची चिठ्ठी हातात पडण्याआधी निर्णय घ्यायला वेळ मिळतो. सर्व वाहनधारक सभासदांनी एवढे अगत्याने करावे, अशी नम्र विनंती आहे.